दुपट्यावर उतरलेला लाल रंग

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र पाच पानांचं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"जूनमध्ये बँकेतून रिटायर झाले. पहिला महिना बरा गेला, मग दिवस अंगावर यायला लागला आणि रात्री झोप लागेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, शाळेत असताना भरतकाम करायचीस ते पुन्हा हातात घे. घेतलं आणि खरंच मन रमलं. मग मोबाइलवर घरी धागे रंगवायचा व्हिडिओ पाहिला. बीट उकळलं, त्यात खाण्याचा लाल रंग घातला, पक्का व्हावा म्हणून मीठ आणि व्हिनेगर घातलं. लडी इतकी सुंदर निघाली की दोन दिवस मी ती नुसती हातात घेऊन बसत होते. त्याच धाग्यानं भाच्याच्या मुलीच्या बारशासाठी पांढऱ्या दुपट्यावर मोर भरला. तारीख गाठायची म्हणून रात्री अकरा-अकरापर्यंत बसले. बारशाच्या आदल्या दिवशी दुपटं धुतलं आणि मोराभोवती सगळीकडे लाल रंग उतरला. बारशाला बाजारातलं दुपटं नेलं. जाऊबाई म्हणाल्या, 'इतक्या लड्या बाजारात मिळतात, हा उपद्व्याप हवा कशाला?' पुण्याची लेक म्हणते, 'नीट शिक आणि ऑनलाइन विकायला लाग, म्हणजे मन लागेल.' शांत वाटावं म्हणून हे घेतलं, आता त्यानंच झोप उडवली आहे. सोडून देऊ का?"

ताई, दुपटं टाकून दिलं नाहीत ना? त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आधी तेवढंच सांगते. अजून घरात असेल तर ते वाचेल.

बीट आणि खाण्याचा रंग, दोन्ही सुताला धरत नाहीत. खाण्याचे रंग रेशमाला आणि लोकरीला धरतात, तिथे व्हिनेगर कामाला येतं. सुती धाग्यावर ते नुसते बसतात आणि पाणी लागलं की उठतात. बिटाचा रंग तर उन्हानंही उडतो. आता विचार करा, जो रंग तुमच्या धाग्यात टिकला नाही, तो दुपट्याच्या सुती कापडात तरी कसा टिकेल? मोठ्या बादलीत चांगलं गरम पाणी घ्या, कपडे धुण्याची पावडर घाला आणि दुपटं सुटं, न घडी घालता भिजवा. अर्ध्या तासानं पाणी लाल दिसेल ते टाकून द्या आणि पुन्हा तसंच करा. तीन-चार पाण्यांनंतर उन्हात वाळत घाला. डाग दिसतो आहे तोवर इस्त्री लावू नका. मोर फिका गुलाबी होईल, बहुतेक जवळजवळ पांढरा. पांढऱ्यावर पांढरा मोर दिसतोही छान. पण बाळाला ते द्यायच्या आधी ओल्या पांढऱ्या रुमालानं मोर चोळून पाहा आणि रुमाल कोरा राहिला तरच द्या. एक गोष्ट यापुढेही पाळा. तान्ह्या बाळाच्या कपड्यावर घरी रंगवलेला धागा वापरू नका. बाळ सगळं तोंडात घालतं. तिथे बाजारातला चांगल्या कंपनीचा पक्का धागाच हवा.

दुसरं म्हणजे, यात तुमच्या हाताची चूक काहीच नाही. कृती चुकीची मिळाली. मीठ-व्हिनेगरनं रंग पक्का होतो हे इतक्या जणी इतक्या खात्रीनं सांगतात की ते खरंच वाटतं. वनस्पतीच्या रंगाला सुतात धरून ठेवायला मध्ये कुणीतरी लागतं, आणि ते काम तुरटी करते. सुत तुरटीलाही सहज धरत नाही, म्हणून तिच्या आधी हिरडा. आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. हा क्रम लक्षात राहिला की अर्धी काळजी मिटते.

हा क्रम डोळ्यांनी बघायचा असेल तर बाघला जाऊन या. इंदूरहून साधारण दीडशे किलोमीटर, धार जिल्ह्यात. लेणी बघायला लोक जातात आणि ठशांनी कापड छापण्याचे कारखाने न बघताच परततात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. तिथले खत्री कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. ते पिवळट होतं. मग लाकडी ठशानं जिथे लाल हवं तिथे तुरटीचा लेप छापतात आणि जिथे काळं हवं तिथे लोखंडाचा. या वेळी कापडावर लाल रंगाचं नावही नसतं. नंतर नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन ते तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन नावाचं लाल रंगद्रव्य आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळतात. कापड बाहेर येतं तेव्हा तुरटी होती तिथे लाल चढलेलं असतं, लोखंड होतं तिथे काळं, आणि बाकीचं कापड धुऊन-वाळवून पांढरं निघतं. रंग सगळ्या कापडाला मिळाला होता, धरला मात्र तुरटीच्या आणि लोखंडाच्या जागी. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या भांड्यापाशी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा एक तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीनं रंगवलेला आहे. चार हजार वर्षांमागेही सुताला लाल धरायला लावणारं कुणीतरी आपल्याकडे होतं.

आता घरच्यासाठी. एका वेळी फक्त २० ग्रॅम पांढरा सुती धागा घ्या. शीतलामाता बाजारात, राजवाड्याच्या आसपास शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळेल. सुती म्हणून पॉलिएस्टर हातात पडू शकतो, तेव्हा घरी आल्यावर टोक जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो आणि त्याला यातला कुठलाच रंग लागत नाही. बाकीचं सामान सियागंज बाजारात. दुकानदाराला हिरडा म्हणून कळलं नाही तर हर्रा म्हणा आणि तुरटीला फिटकरी.

धाग्याची लडी करताना खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळा आणि चार ठिकाणी दुसऱ्या सुती दोऱ्यानं आठच्या आकड्यासारखी बांधा, सैल. घट्ट बांधलं की गाठीखाली रंग पोचत नाही आणि पांढरे पट्टे राहतात. (पुढे कधी मुद्दाम पट्टे हवे असतील तेव्हा हीच गाठ घट्ट मारायची.) नव्या धाग्यात मेण, खळ, कारखान्यातलं तेल असतं, म्हणून अर्धा चमचा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात लडी तासभर मंद उकळा. पांढऱ्याशुभ्र धाग्यातूनही पाणी पिवळट निघतं ते बघून तुम्हाला नवल वाटेल. इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया जातं. धुऊन झाल्यावर ४ ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून, गाळून, त्यात लडी रात्रभर. सकाळी हलक्या हातानं पिळून ३ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात दोन तास. मग एका पाण्यातून काढा.

रंगासाठी पहिल्यांदा कांद्याची सालं. महिनाभर टोपलीत साठवलेली कोरडी सालं ३०-४० ग्रॅम भरली की पुरे. ती अर्धा तास उकळून गाळा, पाणी जरा निवलं की त्यात लडी घाला, पाऊण तास मंद आचेवर ठेवा आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सकाळी जी सोनेरी छटा निघते तिला बाजारातल्या शेडकार्डात नंबर नाही. डाळिंबाची साल हिरवट पिवळा देते. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस मुरवून जे लोखंडाचं पाणी होतं, त्यात हाच पिवळा धागा मिनिटभर बुडवला की डोळ्यांदेखत करडा होतो. मिनिटभरच हं. लोखंड जास्त झालं तर सूत कुजतं आणि सुईत ओवतानाच तुटतं.

पाणी नळाचं, म्हणजे नर्मदेचं घ्या. बोरिंगचं पाणी जड असतं आणि त्यात लोह असेल तर पिवळा रंग मळकट निघतो. पातेलं स्टीलचं, वेगळं ठेवलेलं, परत कधीही स्वयंपाकात न येणारं. पळीसुद्धा वेगळी. खिडकी उघडी, हातात मोजे. रंगवलेली लडी सावलीत वाळवा, आठ दिवस तशीच ठेवा, मग रिठ्याच्या पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि धागा सुईत जायच्या आधी एक परीक्षा घ्या. ओला करून पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा. रुमाल कोरा राहिला तर धागा पास. हा एक रुमाल त्या दिवशी तुमच्याकडे असता तर तुमचं दुपटं वाचलं असतं.

धुवायला साबण न सांगता रिठा का सांगितला ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी हळदीनं धागा रंगवून सासूबाईंसाठी देवाच्या आसनावर शेवंती भरली होती. वर्षभरानं आसन साबणाच्या वडीनं धुतलं आणि बादलीतच सगळी शेवंती विटकरी लाल झाली. हळद खाराला लाल होते हे हळदी-कुंकवाच्या घरात वाढलेल्या मला ठाऊक असायला हवं होतं, कुंकू त्याच रीतीनं तर होतं. मी रडले. सासूबाईंनी आसन लिंबाच्या पाण्यातून काढलं, फुलं पुन्हा पिवळी झाली, आणि त्या म्हणाल्या, "आता ही शेवंती दोन्ही रंगांची." हळदीचा तो धागा पुढे उन्हानं फिका होत गेला, त्याला इलाज नव्हता. आसन अजून माझ्याकडे आहे.

तुम्हाला अगदी लाल, निळा, जांभळा, टिकाऊ आणि धुण्याजोगाच हवा असेल तर प्रोसियन नावानं मिळणारे रिॲक्टिव्ह रंग आणा. १९५६ साली आलेले हे रंग सुताशी रासायनिक बंधानं जोडले जातात, थंड पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर चढतात. पूड कालवताना नाका-तोंडावर मास्क हवाच आणि शेवटी गरम पाण्यानं भरपूर धुवायचं. त्यांचा वापर करण्यात कमीपणा काही नाही.

आता तुमच्या झोपेकडे येते. ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. लडी हातात घेऊन तुम्ही दोन दिवस बसला होतात त्या वाक्यात एकही काळजी नाही. काळजी सुरू होते ती बारशाची तारीख ठरल्यापासून. पत्राबरोबर मोराच्या नमुन्याचा जो कागद पाठवलात, त्यावर प्रत्येक पिसापुढे शेडचा नंबर लिहिलेला आहे आणि तुम्ही घरच्या धाग्याशी तो नंबर जुळवत बसला होतात. तो जुळणारच नाही. कारखान्यातली लडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रंगाची असते, तेच तिचं काम. हातानं रंगवलेल्या लडीत वीतभर गडद, पुढे वीतभर फिकं असं चालतं. नंबरांचा नमुना समोर ठेवून तिच्याकडे पाहिलं की प्रत्येक वीत चूक वाटते.

म्हणून माझं सांगणं असं की आधी धागा रंगवा, चित्र नंतर बघू. रंगवायचा दिवस वेगळा, भरायचा वेगळा, मध्ये निदान आठवडा. तीन-चार लड्या वाळल्या की त्या ताटात मांडून ठेवा, येता-जाता दिसतील अशा. एखादी लडी आपणच सांगते, मी वाळलेलं गवत आहे, मी पावसाळ्यातली भिंत आहे. नमुने लांब शोधायला नकोत. अंगणात जमिनीवर काढतात ती मांडणं आहेत, पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं मांडतात ती संजा आहे, तिच्यातले चांद-सूरज, पालखी, पाळणा. सगळे साध्या रेघांचे आकार आहेत, छापून घ्यायचीही गरज नाही.

आणि टाका साधा घ्या. असा धागा साखळी टाक्यात खुलतो. हातभर धागा कापा, जास्त नाही, लांब धागा कापडातून जाऊन जाऊन विसकटतो. सहा पदरी असेल तर एक-एक पदर वरून ओढून सुटा करा, मग दोन एकत्र ओवा. दोन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला. पहिली कडी घाला, तिच्यातून सुई वर काढा, दुसरी घाला. दहाएक कड्या झाल्या की सोनेरी हळूच मधाकडे झुकतो, आणखी पाच-सहा कड्यांवर तो मातकट होतो, आणि पुढची कडी कोणत्या रंगाची येणार हे तुम्हालाही ठाऊक नसतं. हात टाका घालतो आणि डोळे वाट बघतात. माझं मन यातच ठिकाणावर येतं. रात्री अकराला नंबर जुळवताना ते कधी आलं नाही. उजेड दिवसाचा हवा. संध्याकाळचे दिवे लागले की सुई सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवून द्या, मधेच असलं तरी. आपल्या वयाला डोळेही तेच मागतात.

पहिलं वर्षभर कुणालाही भरतकाम भेट द्यायचं कबूल करू नका. तारीख असलेलं तर मुळीच नको. लेकीचं मन चांगलं आहे, तिला प्रेमानंच सांगा की विकायचं नाही. एकदा ऑर्डर घेतली की दहा लड्या एकसारख्या काढाव्या लागतात आणि तुम्ही बँकेतून निघून पुन्हा खिडकीत बसता. ज्या बायका या कामावर घर चालवतात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, तुमची गरज ती नाही. जाऊबाई बरोबर बोलल्या, बाजारात लड्या ढिगानं मिळतात, आणि दुपट्यासाठी त्याच घ्यायला हव्या होत्या. पण १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग निघाला, तोवर जगातल्या बहुतेक घरांतला धागा झाडपाला, मुळं, माती आणि किड्यांपासून रंगत होता. तुम्ही नवीन उपद्व्याप काढलेला नाही. पुढच्या वेळी लडी रंगवाल तेव्हा जाऊबाईंना चहाला बोलवा आणि लोखंडाच्या पाण्यात पिवळा धागा त्यांच्याच हातानं बुडवू द्या.

एक वही करा. पुठ्ठ्याच्या पानाला कडेनं भोकं पाडून प्रत्येक लडीतला वीतभर धागा त्यात अडकवा, बाजूला तारीख, कशात रंगवला, पाणी कुठलं, किती वेळ. न जमलेल्या लड्याही लावा. बिटाच्या त्या लाल धाग्याचा तुकडा उरला असेल तर पहिल्या पानावर त्याला जागा द्या.

हे छापून येईल तेव्हा फाल्गुन लागलेला असेल. सिमरोलच्या घाटात पळस फुललेला असतो. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली पिशवीभर वेचून आणा, नाही मिळाली तर पंसाऱ्याकडे वाळलेला टेसू मिळतोच. पूर्वी रंगपंचमीला घरोघरी हाच उकळायचा. हिरडा-तुरटी केलेली लडी त्यात बुडवा, पिवळी निघेल. अर्ध्या लडीला चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेलं पाणी दाखवा, ती केशरीकडे वळेल. हा रंग उन्हात उडतो, वर्षादोनवर्षांत फिका होतो, तेव्हा तो टांगायच्या कामात घालू नका, वहीत आणि मिटून ठेवायच्या रुमालात घाला. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेल त्या दिवशी घराबाहेर पडणं होत नाही, तेवढा दिवस तुमच्या हातात आहे. त्या लडीतला हातभर धागा पाकिटात घालून मला पाठवा. माझ्या वहीत या वर्षीच्या पळसाची जागा रिकामी ठेवते.